ड्राफ्ट व आक्रमण-संयोजक, अमेरिकन फुटबॉलमधील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्यावसायिक फुटबॉल संघ महाविद्यालयीन खेळ संपवून येणाऱ्या खेळाडूंची दरवर्षी ठराविक क्रमाने आपापसांत जी वाटणी करतात, तीस ड्राफ्ट म्हणतात. संघाच्या आक्रमणाची आखणी करणाऱ्या आणि बहुतेक संघांत सामन्यातील प्रत्येक चाल सांगणाऱ्या साहाय्यक प्रशिक्षकास आक्रमण-संयोजक असे नाव आहे. ड्राफ्टमधून कोणता खेळाडू यावा, याविषयी सर्वांत नेमकी मागणी त्याची असते; निवडीचा अंतिम अधिकार मात्र बहुधा त्याच्याकडे नसतो आणि निवडलेला खेळाडू पुष्कळदा त्याच्यापेक्षा अधिक काळ संघात राहतो. या खेळातील अनेक यशापयशांचे मूळ या विसंगतीत आढळते. भारतात फुटबॉल या नावाने परिचित असलेल्या खेळाहून हा खेळ भिन्न असून तो लांबट गोल चेंडूने, मुख्यत्वे हातांनी खेळला जातो.

ड्राफ्टची पद्धत : नॅशनल फुटबॉल लीग ही संघटना १९२० मध्ये स्थापन झाली व १९२२ पासून ती या नावाने ओळखली जाऊ लागली. आरंभी कोणताही संघ कोणत्याही खेळाडूशी करार करू शकत असे. साहजिकच शिकागो, न्यूयॉर्क यांसारख्या सधन संघांकडे उत्तम खेळाडू जात आणि दुबळे संघ दुबळेच राहत. फिलाडेल्फिया ईगल्स या सतत हरणाऱ्या संघाचा मालक बर्ट बेल (१८९५–१९५९) याने १९३५ मध्ये असा प्रस्ताव मांडला, की मागील हंगामात तळाशी राहिलेल्या संघास प्रथम निवड करू द्यावी व विजेत्यास शेवटी. तो मान्य होऊन ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. त्यात ९ संघांनी ९ फेऱ्यांत ८१ खेळाडू निवडले. पहिल्या निवडीचा मान मिळालेला शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर हा व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही, हा या इतिहासातील एक मौजेचा भाग होय.

फेऱ्यांची संख्या पुढे वाढली व पुन्हा कमी करण्यात आली. १९९४ पासून ती ७ असून २००२ पासून संघांची संख्या ३२ आहे. दरवर्षी सु. २५० ते २६० खेळाडू अशा रीतीने निवडले जातात. भारतातील क्रिकेट वा कबड्डीच्या व्यावसायिक स्पर्धांतील लिलावात जो संघ अधिक किंमत देतो त्याला खेळाडू मिळतो. ड्राफ्टमध्ये किंमतीचा प्रश्न नसून पाळीचा असतो. पाळी आली की ठरावीक मिनिटांत एक नाव सांगावयाचे, आणि त्या खेळाडूस त्याच संघाशी करार करावा लागतो. पाळ्यांची मात्र संघासंघांत अदलाबदल होऊ शकते. माध्यमिक शिक्षण संपून तीन वर्षे झाल्याखेरीज खेळाडूस ड्राफ्टमध्ये येता येत नाही.

आक्रमणाची रचना : मैदानावर प्रत्येक बाजूचे ११ खेळाडू असतात. आक्रमण करणाऱ्या संघास चार प्रयत्नांत चेंडू १० यार्ड (९·१४ मी.) पुढे न्यावा लागतो, तसे न झाल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. आक्रमणाच्या अकरा जणांत पाच जण आघाडीच्या फळीचे असतात : मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंस गार्ड व त्यांच्या बाहेर टॅकल. प्रतिपक्षास अडविणे हे त्यांचे काम. चेंडू त्यांच्या हाती क्वचितच येतो. फळीमागे क्वार्टरबॅक उभा राहतो. तो चेंडू पुढे फेकतो वा धावणाऱ्याच्या हाती देतो. उरलेल्या पाच जागा दूरवर धावून फेक झेलणारे रिसीव्हर, झेलणे व अडविणे ही दोन्ही कामे करणारे टाइट एंड आणि चेंडू घेऊन धावणारे रनिंग बॅक यांत विभागल्या जातात.

ही विभागणी कशी करावयाची, हा संयोजकाचा पहिला निर्णय असतो व ड्राफ्टमधील त्याची मागणी त्यातूनच निघते. जो संयोजक बहुतेक चालींत तीन रिसीव्हर मैदानात ठेवतो, त्याच्या दृष्टीने तिसरा रिसीव्हर हा नित्याचा खेळाडू असतो आणि दुसरा टाइट एंड राखीव. दोन टाइट एंड ठेवून धावण्यावर भर देणाऱ्याची गरज याच्या उलट असते. म्हणून एकाच तरुणाचे मोल दोन संघांत दोन प्रकारचे ठरते. वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होणाऱ्या गुणानुक्रमाच्या याद्या या गोष्टीकडे दुर्लक्ष करतात आणि त्यामुळे निवडीच्या दिवशी वाचकांना अकारण धक्के बसतात.

संयोजकाचे स्थान : बहुतेक संघांत निवडीचा अधिकार सरव्यवस्थापकाकडे असतो. त्याच्या हाताखालील निरीक्षक शरद ऋतूपासून महाविद्यालये हिंडून खेळाडूंची टिपणे तयार करतात. संयोजक त्या काळात चालू हंगामाच्या सामन्यांत गुंतलेला असतो. जानेवारीत, अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्यास फेब्रुवारीत, तो मोकळा होतो आणि मग उमेदवारांच्या खेळाच्या चित्रफिती पाहू लागतो. निरीक्षकाने एखाद्या खेळाडूस तीन वर्षे पाहिलेले असते. संयोजक त्याला काही आठवड्यांत पाहतो. त्यामुळे त्याच्याकडून मुख्यतः अपेक्षिले जाते ते नावांपेक्षा वर्णन. आपल्या गार्डने जागेवर उभे राहून रेटावे की आडवे धावत जाऊन अडवावे, रिसीव्हरने सरळ रेषेत दूर पळावे की दहा यार्डांवर झटकन वळावे, क्वार्टरबॅकने चाल सुरू होण्यापूर्वी प्रतिपक्षाची मांडणी ओळखून चाल बदलावी की सांगितली तशी पार पाडावी, हे तो लिहून देतो. निरीक्षक त्या वर्णनाशी खेळाडू ताडून पाहतात.

दोघांच्या दृष्टीत काळाचा फरक असतो. ड्राफ्टमधील खेळाडूशी चार वर्षांचा करार होतो. पहिल्या फेरीतील खेळाडूच्या बाबतीत पाचवे वर्ष वाढवून घेण्याचा हक्क संघास असतो. सरव्यवस्थापक त्या मुदतीचा विचार करतो. संयोजकाला येत्या सप्टेंबरमध्ये मैदानात उतरवता येईल असा माणूस हवा असतो. आक्रमण फसल्यास त्याची नोकरी जाते आणि फारच यशस्वी झाल्यास तो दुसरीकडे मुख्य प्रशिक्षक होतो. दोन्ही प्रकारे त्याचे वास्तव्य अल्प ठरते.

आघाडीची फळी : अनुभवी संयोजकांची पहिली मागणी पुष्कळदा फळीसाठी असते. याचे कारण सोपे आहे. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यासाठी सु. अडीच ते तीन सेकंद मिळतात. तेवढा वेळ फळीने दिला नाही, तर रिसीव्हरचा वेग व फेकणाऱ्याची अचूकता दोन्ही व्यर्थ जातात. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते, म्हणून डाव्या टॅकलला विशेष महत्त्व आले. १८ नोव्हेंबर १९८५ रोजी वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइझमन याचा पाय न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरच्या आघाताने मोडला व त्याची कारकीर्द संपली. टेलरसारख्या बाजूने मुसंडी मारणाऱ्या वेगवान संरक्षकांनी या जागेचे मोल वाढविले.

फळीविना क्वार्टरबॅक निवडल्यास काय होते, याचे बोलके उदाहरण ह्यूस्टन टेक्सन्स या संघाचे आहे. २००२ मध्ये नव्याने आलेल्या या संघाने ड्राफ्टमधील पहिलीच निवड म्हणून डेव्हिड कार हा क्वार्टरबॅक घेतला. नव्या संघाला इतर संघांकडून खेळाडू मिळावेत म्हणून झालेल्या वेगळ्या निवडीत त्यांनी टोनी बोसेली हा नामांकित डावा टॅकल प्रथम उचलला होता. परंतु खांद्याच्या दुखापतीमुळे तो ह्यूस्टनकडून एकही सामना खेळू शकला नाही. दुसऱ्या व तिसऱ्या फेरीत फळीचे आणखी दोन खेळाडू घेतले गेले, तरी ते नवखे होते. चेंडू फेकण्यापूर्वी क्वार्टरबॅकला पाडणे यास सॅक म्हणतात. कारला त्या एका हंगामात ७६ वेळा पाडण्यात आले. हा उच्चांक ठरला. २००५ मध्ये तो पुन्हा ६८ वेळा पडला आणि २००६ च्या हंगामानंतर संघाने त्याला सोडले. त्याच्या अंगी मुळात किती गुण होते, हे ठरविण्याची संधी त्या फळीने कोणालाच दिली नाही.

याच्या उलट प्रकार डेन्व्हर ब्राँकोज या संघात घडला. मुख्य प्रशिक्षक माइक शॅनहन, १९९५ पासूनचा संयोजक गॅरी क्युबियॅक आणि फळीचा प्रशिक्षक ॲलेक्स गिब्ज यांनी अशी पद्धत रूढ केली, की फळीतील पाचही जण एकाच दिशेने आडवे सरकत व समोर येईल त्याला अडवीत; धावणाऱ्याने मागून येऊन जेथे खिंड पडेल तेथे एकदाच वळून घुसावयाचे. या पद्धतीला अगडबंब खेळाडू नको होते. हलके व चपळ हवे होते. इतर संघ अशांना अपुऱ्या वजनामुळे नाकारीत, म्हणून ते उशिरापर्यंत शिल्लक राहत. सेंटर टॉम नेलन हा १९९४ मध्ये सातव्या फेरीत २१८ वा निवडला गेला होता. या फळीमागे धावणारा टेरेल डेव्हिस १९९५ मध्ये सहाव्या फेरीत १९६ वा आला व १९९८ च्या हंगामात त्याने २,००८ यार्ड धाव घेतली. तो जायबंदी झाल्यावर १९९९ मध्ये चौथ्या फेरीतील ओलँडिस गॅरीने १,१५९ यार्ड आणि २००० मध्ये सहाव्या फेरीतील माइक अँडरसनने १,४८७ यार्ड मिळविले. नेमके वर्णन देणारा संयोजक संघाच्या पहिल्या फेऱ्या इतर जागांसाठी मोकळ्या ठेवू शकतो, हे यावरून दिसते. रनिंग बॅकचे ड्राफ्टमधील मोल पुढे उतरले त्याचे एक कारण हे उदाहरण असावे. २०१३ व २०१४ या दोन्ही वर्षी पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नाही.

फळी की रिसीव्हर : १९७८ मध्ये दोन नियम बदलले. रिसीव्हरला पाच यार्डांपलीकडे धक्का देण्यास मनाई झाली व फळीच्या खेळाडूंना हात पसरून अडविण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून फेकीचे आक्रमण वाढत गेले व रिसीव्हरची मागणीही. या दोन गरजांतील संघर्षाचे अलीकडचे ठळक उदाहरण सिनसिनाटी बेंगॉल्सचे आहे. जो बरो हा २०२० मधील पहिल्या निवडीचा क्वार्टरबॅक. त्याच वर्षी नोव्हेंबरात फेक करीत असताना त्याच्या गुडघ्यास गंभीर इजा झाली. २०२१ मध्ये संघाची पाळी पाचवी होती. टॅकल पेनेई स्यूएल आणि रिसीव्हर जमार चेस हे दोघेही उपलब्ध होते. चेस हा लुइझिॲना राज्य विद्यापीठात बरोचा सहकारी होता. संघाने चेसला घेतले. स्यूएल सातव्या पाळीत डिट्रॉइटकडे गेला.

चेसने पहिल्याच हंगामात १,४५५ यार्ड मिळविले आणि दीर्घ काळ अपयशी राहिलेला हा संघ अंतिम सामन्यात पोहोचला. परंतु बरो त्या हंगामात ५१ वेळा पाडला गेला, टेनेसीविरुद्धच्या बाद सामन्यात ९ वेळा (तो सामना त्यांनी जिंकला) व फेब्रुवारी २०२२ मधील अंतिम सामन्यात ७ वेळा. अंतिम सामना लॉस अँजेल्सने २३–२० असा जिंकला. स्यूएल पुढे आपल्या जागेवरील सर्वोत्तम खेळाडूंत गणला जाऊ लागला. निवड चुकली असे म्हणता येत नाही, कारण चेसविना तो संघ तेथवर गेला असता की नाही हे संशयास्पद आहे. ड्राफ्टमध्ये एका पाळीस एकच नाव सांगता येते. न सांगितलेल्या नावाचा भार कोणाच्या तरी शरीरावर पडतो.

मापे आणि चित्रफिती : १९८७ पासून (२०२१ चा अपवाद वगळता) दरवर्षी इंडियानापोलिस येथे उमेदवारांची एकत्रित परीक्षा घेतली जाते. ४० यार्ड (३६·६ मी.) धावणे, २२५ पौंड (सु. १०२ किग्रॅ.) वजन जास्तीत जास्त वेळा उचलणे, उभी व लांब उडी, तसेच दिशा बदलून धावण्याच्या चाचण्या तीत असतात. वैद्यकीय तपासणी व मुलाखतीही होतात. संघांच्या दृष्टीने धावण्याच्या आकड्यांपेक्षा वैद्यकीय तपासणीच अधिक महत्त्वाची असते, जरी दूरचित्रवाणीवर आकडेच दिसतात. संयोजकाला मुलाखतीत विशेष रस असतो. तो क्वार्टरबॅकला फळ्यावर एखादी चाल समजावतो, मध्येच दुसरा विषय काढतो आणि काही वेळाने तीच चाल पुन्हा मांडून दाखवण्यास सांगतो.

केवळ घड्याळावर विसंबण्यातील धोका जेरी राइसच्या निवडीत दिसून आला. मिसिसिपी व्हॅली स्टेट या लहान महाविद्यालयाचा हा रिसीव्हर ४० यार्डांच्या धावेत फारसा चमकला नव्हता. १९८५ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोने न्यू इंग्लंडशी पाळ्यांची अदलाबदल करून त्याला १६ वा निवडले. त्याच्या कारकीर्दीतील २२,८९५ यार्डांचा उच्चांक आजही अबाधित आहे. त्या संघाला हवा होता तो सर्वांत वेगवान माणूस नव्हे. ठरलेल्या पावलावर वळणारा आणि झेल घेतल्यावर वेग न गमावणारा माणूस त्याला हवा होता.

महाविद्यालयीन व व्यावसायिक आक्रमणांतील अंतर ही आणखी एक अडचण. अनेक महाविद्यालयांत खेळाडू मैदानभर विखुरलेले असतात, चाल बाजूने खुणेने सांगितली जाते आणि चेंडू झटपट फेकला जातो. तेथे फळीला फार वेळ अडवावे लागत नाही व क्वार्टरबॅकला प्रतिपक्षाची मांडणी वाचण्याची सवय होत नाही. अशा खेळाडूस घ्यावयाचे, तर त्याला किती शिकवावे लागेल याचा अंदाज संयोजकानेच द्यावा लागतो.

पद्धत खेळाडूसाठी की खेळाडू पद्धतीसाठी : या प्रश्नाची दोन टोके आढळतात. इंडियानापोलिस कोल्ट्स संघाने १९९८ मध्ये पहिल्या पाळीत पेटन मॅनिंग हा क्वार्टरबॅक घेतला. त्याच वर्षी टॉम मूर हा संयोजक म्हणून आला आणि २००८ पर्यंत त्या पदावर राहिला. मूरची पद्धत बाह्यतः साधी होती : मांडण्या थोड्या, खेळाडूंच्या जागा जवळजवळ ठरलेल्या, आणि चाल सुरू होण्यापूर्वी ती बदलण्याचे क्वार्टरबॅकला विस्तृत स्वातंत्र्य. पहिल्या हंगामात मॅनिंगच्या २८ फेकी प्रतिपक्षाने झेलल्या व संघ १६ पैकी १३ सामने हरला. तरीही पद्धत बदलली गेली नाही. सरव्यवस्थापक बिल पोलियन याने तिच्यासाठी एकेक माणूस जोडला. १९९९ मध्ये मार्शल फॉक या उत्तम रनिंग बॅकला सेंट लुइसकडे पाठवून चौथ्या पाळीत एजरिन जेम्स घेतला. त्या वेळी टेक्ससचा रिकी विल्यम्स अधिक प्रसिद्ध होता. परंतु जेम्स धावण्याबरोबरच झेलण्यात व क्वार्टरबॅकच्या रक्षणातही निपुण होता. लागोपाठ दोन हंगाम तोच सर्वाधिक यार्ड धावला. २००१ मध्ये मार्व्हिन हॅरिसन संघात असतानाही ३० व्या पाळीत रेजी वेन हा दुसरा रिसीव्हर, २००३ मध्ये २४ व्या पाळीत डॅलस क्लार्क हा रिसीव्हरसारखा पळणारा टाइट एंड, आणि जेम्स गेल्यावर २००६ मध्ये ३० व्या पाळीत जोसेफ अडाय निवडला गेला. मध्यंतरी २००१ मध्ये संरक्षण ढासळून १० सामने गमावले गेले व मुख्य प्रशिक्षक बदलला. नवा मुख्य प्रशिक्षक टोनी डंजी याने संयोजक मात्र तोच ठेवला. २००३ ते २००९ या सातही हंगामांत संघाने किमान १२ सामने जिंकले व फेब्रुवारी २००७ मध्ये अजिंक्यपद मिळविले. संयोजक टिकला तर ड्राफ्ट एकमेकांवर रचत जातात.

तो टिकला नाही तर काय होते, हे ॲलेक्स स्मिथच्या कारकीर्दीवरून कळते. २००५ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोने पहिल्या पाळीत यूटा विद्यापीठाचा हा क्वार्टरबॅक घेतला. यूटाचे आक्रमण वर सांगितलेल्या विखुरलेल्या प्रकारचे होते, म्हणजे त्याला व्यावसायिक पद्धत मुळापासून शिकावयाची होती. त्या वर्षी त्याने एकच टचडाउन फेक केली व ११ फेकी प्रतिपक्षाच्या हाती दिल्या. संयोजक माइक मॅकार्थी हंगामानंतर ग्रीन बे संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. २००६ मध्ये नॉर्व्ह टर्नर आला, २००७ मध्ये जिम हॉस्लर, २००८ मध्ये माइक मार्ट्झ, २००९ मध्ये जिमी रे. २०१० च्या हंगामात रेला मध्येच काढून माइक जॉन्सनला नेमण्यात आले आणि २०११ मध्ये ग्रेग रोमन आला. सात वर्षांत सात संयोजक. प्रत्येकाची परिभाषा वेगळी, चालींची नावे वेगळी, पावलांची गणती वेगळी. मार्ट्झच्या वर्षी तर स्मिथ खांद्याच्या दुखापतीमुळे खेळलाच नाही. २०११ मध्ये जिम हारबॉ मुख्य प्रशिक्षक झाल्यावर संघाने १३ सामने जिंकले व तोवर अपयशी म्हणून हिणवला गेलेला हाच स्मिथ त्याचा क्वार्टरबॅक होता. २००५ च्याच ड्राफ्टमध्ये ॲरन रॉजर्स २४ व्या पाळीपर्यंत खाली घसरून ग्रीन बेकडे गेला होता. त्याला तीन वर्षे बाजूस बसून शिकता आले, आणि त्यांपैकी दोन वर्षे शिकविणारा मॅकार्थीच होता. दोघांच्या गुणवत्तेत अंतर होतेच; पण त्यांना लाभलेल्या स्थैर्यातील अंतरही तितकेच मोठे होते.

दुसरे टोक म्हणजे हाती आलेल्या खेळाडूनुसार पद्धत घडविणे. सिनसिनाटीत साहाय्यक प्रशिक्षक असताना बिल वॉल्श (१९३१–२००७) याला १९६९ मध्ये ग्रेग कुक हा दूर फेक करणारा असामान्य क्वार्टरबॅक ड्राफ्टमधून मिळाला. पण पहिल्याच हंगामात त्याचा खांदा दुखावला. त्याच्या जागी आलेल्या व्हर्जिल कार्टरच्या फेकीत जोर नव्हता, अचूकता होती. वॉल्शने त्याच्यासाठी आखूड व आडव्या फेकींची, पावलांच्या ठेक्यावर बेतलेली पद्धत तयार केली आणि १९७१ मध्ये फेकी यशस्वी होण्याच्या प्रमाणात कार्टर सर्व क्वार्टरबॅकमध्ये पहिला आला. पुढे सॅन फ्रॅन्सिस्कोचा मुख्य प्रशिक्षक झाल्यावर वॉल्शला याच पद्धतीमुळे, इतरांनी ज्याचा हात दुबळा मानला होता तो जो माँटॅना १९७९ मध्ये ८२ व्या पाळीत घेता आला. नाइलाजातून जन्मलेली पद्धत अशा रीतीने निवडीचा निकष बनली.

बॉल्टिमोर रेव्हन्सने २०१८ मध्ये ३२ व्या पाळीत घेतलेला लमार जॅक्सन हा याच मार्गाचा अलीकडचा दाखला. इतका वेगवान धावणारा क्वार्टरबॅक रिसीव्हर म्हणून खेळवावा, असे मत काहींनी जाहीरपणे मांडले होते. त्यांत वर उल्लेखिलेला पोलियनही होता. त्याच ड्राफ्टमध्ये संघाने हेडन हर्स्ट व मार्क अँड्रूझ हे दोन टाइट एंड आणि ऑर्लंडो ब्राउन हा धिप्पाड टॅकल निवडला. २०१९ मध्ये संयोजक झालेल्या ग्रेग रोमनने क्वार्टरबॅकच्या धावण्याभोवतीच आक्रमण रचले. त्या हंगामात संघाने धावून ३,२९६ यार्ड मिळविले. एका हंगामातील हा उच्चांक असून जॅक्सन एकमताने सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

पाळीचे मोल : कोणत्या पाळीच्या बदल्यात काय द्यावे, यासाठी डॅलस काउबॉइज संघाने जिमी जॉन्सनच्या कारकीर्दीत एक कोष्टक तयार केले. त्यात पहिल्या पाळीस ३,००० गुण, दुसरीस २,६०० व ३२ व्या पाळीस ५९० गुण होते. पुढे ते इतर संघांतही प्रचलित झाले. केड मॅसी व रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी असे दाखवून दिले, की संघ अगदी वरच्या पाळ्यांना वाजवीपेक्षा अधिक मोल देतात. २०११ पासून नवोदितांच्या वेतनावर कडक मर्यादा आल्याने परिस्थिती काहीशी बदलली. २०१० मध्ये पहिला आलेल्या सॅम ब्रॅडफर्डशी सहा वर्षांचा सु. ७·८ कोटी डॉलरचा करार झाला होता. पुढील वर्षी कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सु. २·२ कोटी डॉलर मिळाले. तेव्हापासून चांगला तरुण क्वार्टरबॅक स्वस्तात मिळतो आणि वाचलेल्या पैशांतून संयोजकाला अनुभवी फळी वा रिसीव्हर मागता येतात. कॅनझस सिटीने २०१७ मध्ये पॅट्रिक महोम्ससाठी २७ व्या पाळीवरून दहाव्या पाळीवर जाताना त्या वर्षीची तिसऱ्या फेरीतील व पुढील वर्षीची पहिल्या फेरीतील पाळी दिली. महोम्सने पहिले वर्ष बाजूस बसून काढले. त्याच्यापुढे खेळणारा क्वार्टरबॅक होता ॲलेक्स स्मिथ.

ड्राफ्टनंतर : सातवी फेरी संपल्यावर न निवडलेल्या खेळाडूंशी कोणताही संघ करार करू शकतो. शेवटची नावे जाहीर होण्यापूर्वीच दूरध्वनी सुरू होतात आणि येथे संयोजक व त्याचे साहाय्यक स्वतः बोलतात. खेळाडूलाही निवडीचा अधिकार प्रथमच याच टप्प्यावर मिळतो. पैसा थोडाच असल्याने तो बहुधा जागा कोठे रिकामी आहे व कोणती पद्धत आपल्याला मानवेल हे पाहून संघ ठरवितो. मॅनिंगच्या हाती वर्षानुवर्षे चेंडू देणारा सेंटर जेफ सॅटर्डे हा ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेला खेळाडू होता. बॉल्टिमोरने करार करून सोडून दिल्यावर तो १९९९ मध्ये इंडियानापोलिसला आला. अँटोनियो गेट्स हा केंट स्टेट विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू. त्याने महाविद्यालयात फुटबॉल खेळलेलाच नव्हता. २००३ मध्ये सॅन डिएगोने त्याला टाइट एंड म्हणून घेतले आणि त्याने पुढे ११६ टचडाउन झेलले. त्या जागेवरील खेळाडूंमध्ये हा उच्चांक आहे.